आधी सोडायच्या वस्तू

आण्णांच्या चपला करकरायच्या. कापशी चपला, आणि तो आवाज त्यांनी कारागिराला सांगून मुद्दाम करवून घेतलेला. जीप ते गल्लीच्या तोंडाशीच थांबवायला लावायचे आणि तिथून थकबाकीदाराच्या दारापर्यंत चालत जायचे, कर्र कर्र, सावकाश, मंगळवार पेठेतल्या भर बाजारातून लग्नाला निघाल्यासारखे. वसुली पथकाचा ड्रायव्हर वैतागायचा. ह्या आवाजानं माणसं मागच्या दारानं पसार होतात, मग वसुली कशी होणार, असं त्यानं एकदा माझ्यासमोर विचारलं.

"पळणारा पळू दे की," आण्णा म्हणाले. "ऱ्हाणाऱ्याला तोंड धुवाय येळ मिळतो."

ते कोल्हापूर महापालिकेत घरफाळ्याचे, म्हणजे मालमत्ता कराचे, वसुली लिपिक होते आणि मे महिन्याच्या शेवटी रिटायर होणार होते. मी त्यांच्या पथकात चार महिन्यांच्या करारावर होते. बी.कॉम. झालं होतं, बँकेच्या परीक्षा चालू होत्या, आणि मार्चएंडच्या वसुलीसाठी टॅबवर नोंदी करणारी माणसं हवी होती. कुणाशी बोलायचं नाही, फक्त नोंदी करायच्या, असं मला सांगण्यात आलं होतं. मी त्या एका वाक्यासाठी अर्ज केला होता.

माझी शाळा इंग्लिश मीडियमची. घरात मराठी बोलायचो, पण आकडे मला मराठीत अजून नीट येत नाहीत. एकोणसाठ की एकोणसत्तर, हे कळायला मला मनातल्या मनात बोटं मोजावी लागतात. पहिल्याच आठवड्यात आण्णांनी सांगितलेले दोन मिळकत क्रमांक मी चुकीचे भरले. त्यांनी ते संध्याकाळी दुरुस्त केले आणि दुसऱ्या दिवसापासून मला प्रत्येक आकडा सुटा सांगायला लागले. पाच, नऊ. सात, आठ, एक. ड्रायव्हरनं विचारलं की हे काय नवीन. तर म्हणाले, दाढ काढल्यापासून जोड आकडे जिभेवर घसरत्यात. त्यांचे सगळे दात जागेवर होते. मी रोज त्यांच्या समोर बसून डबा खायचे, मला माहीत होतं.

इतर पथकं दारात हलगी वाजवायची. थकबाकीदाराच्या घरासमोर दोन हलगीवाले उभे करायचे, गल्ली गोळा झाली की माणूस लाजेनं पैसे काढतो. वसुलीचे आकडे त्यांचेच जास्त असायचे. आण्णांना साहेबांनी दोन-तीनदा त्यावरून सुनावलं. हे मला समजलं कारण साहेबांच्या केबिनचं दार लागायचं नाही. आण्णांचं उत्तरही ऐकू आलं होतं. हलगी कुस्तीला वाजवायची असती साहेब, हरलेल्याच्या दारात न्हवं.

जप्तीला दोन पंच लागतात. बाकीची पथकं शेजारच्या घरातले दोघे बोलावून सह्या घ्यायची. आण्णा शेजारी कधीच घ्यायचे नाहीत. त्यांच्या मते शेजाऱ्यानं एकदा तुमच्या घराची यादी ऐकली की ती त्याच्या तोंडात आयुष्यभर राहते. म्हणून ते आपले पंच बरोबर घेऊन फिरायचे, एकाच तालमीतले दोन जुने पैलवान. एक गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायला दूध कट्ट्यावर म्हशी आणणारा, दुसरा काहीच न करणारा. कान मोडलेले, माना जाड, पोटं सुटलेली. ते जीपमधून उतरले की जीप वर यायची. लोकांना वाटायचं, पालिकेनं मारायला माणसं आणली. प्रत्यक्षात दोघांना कडक सूचना होती की चपला बाहेर काढायच्या, मांडी घालून बसायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. दूधवाला पहाटे तीनला उठणारा असल्यामुळे पंचनाम्यात बसल्या बसल्या झोपायचा. सहीच्या वेळी आण्णा त्याच्या गुडघ्याला पेननं टोचायचे.

पण आण्णांची खरी तऱ्हा यादीत होती.

जप्तीत काही वस्तू नेता येत नाहीत. अंगावरचे कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी, मंगळसूत्र, आणि ज्याच्यावर माणूस पोट भरतो ती हत्यारं. हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण यादी करताना सगळे नेण्याच्या वस्तूंपासून सुरुवात करतात. टीव्ही, फ्रिज, मोटारसायकल. आण्णा कागदाच्या मध्यावर उभी रेघ मारायचे आणि डावीकडं आधी सोडायच्या वस्तू लिहायचे. सगळं घर फिरून. मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "पयलं काय सोडायचं ते लिही. न्यायचं काय ऱ्हातंय ते मग बघू." आणि शंका आली की ते स्वतः ठरवायचे नाहीत. त्या वस्तूवर पेन टेकवून घरमालकालाच विचारायचे, "ह्याच्यावर पोट हाय का?" माणूस जे सांगेल ते जसंच्या तसं लिहायचे. शेवटी सगळी यादी पंचांना मोठ्यानं वाचून दाखवायचे.

मला हे बावळटपणाचं वाटायचं. समोरचा खोटं बोलेल, एवढं ह्यांना कळत नाही का? मग आम्ही एका हॉटेलवाल्याच्या बंगल्यावर गेलो. त्याचा चार वर्षांचा घरफाळा थकला होता आणि तो दारातच आम्हाला आपल्या ओळखी सांगत होता. आण्णांनी ऐकून घेतलं आणि रेघ मारली. फ्रिजवर पोट हाय का? हो. सोफ्यावर? हो, गिऱ्हाईकं बसतात. झोपाळ्यावर? हो म्हणजे, तसं बघायला गेलं तर हो. हॉलमध्ये माशांची मोठी काचेची पेटी होती. त्यानं तिलाही हो म्हटलं. आण्णांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. सगळं डावीकडं लिहिलं, पैलवानांसमोर उभे राहिले आणि वाचायला लागले. झोपाळा एक, ह्याच्यावर पोट हाय. मासे सोनेरी सात, ह्यांच्यावर पोट हाय. वाचताना कुठंही हसू नाही, घाई नाही. जिन्यात त्या माणसाची सून उभी होती, ती तोंडाला पदर लावून आत गेली. झोपणारा पैलवान त्या दिवशी जागा होता. त्यानं न विचारता तोंड उघडलं, "मासं तळून इकतासा व्हय पावणं?"

यादी निम्मी व्हायच्या आत चेकबुक आलं.

जीपमध्ये आण्णांनी त्या पैलवानाला बोलल्याबद्दल झापलं. मग मला म्हणाले की माणसाला लाज दुसऱ्यानं घालायची नसती, त्याचं त्यानं बोललेलं त्याला ऐकवायचं, बास. मी मान हलवली. मी बहुतेक वेळा मानच हलवायचे.

आता माझं सांगायला हवं.

आमचं घर त्यांच्याच वॉर्डात होतं. वर आम्ही राहायचो आणि खाली पप्पांचा कारखाना. कारखाना म्हणजे एक शटर, एक लेथ मशीन आणि भिंतीला टांगलेली हत्यारं. पप्पा पंपांचे शाफ्ट करून द्यायचे. ऑर्डरी मोठ्या कारखान्यांकडं गेल्या, माणसं कमी झाली, आणि मग एक दिवस काम थांबलं. पण पप्पा रोज सकाळी नऊला शटर उघडायचे, मशीन पुसायचे, उदबत्ती लावायचे, आणि स्टुलावर पेपर वाचत बसायचे. बोर्ड तसाच होता. दरवर्षीचा घरफाळा कारखान्याच्या दरानं यायचा, घराच्या कितीतरी पट. एक अर्ज केला असता तर तो दर बदलला असता. वापर बंद, एवढंच लिहायचं होतं. आई दोनदा फॉर्म घेऊन आली. पप्पांनी तो ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाले, मंदी आहे, बंद कुठं आहे. त्यांना ते लिहिता आलं नाही. थकबाकी वाढत गेली, त्यावर दंड, त्यावर व्याज.

मी घरी सांगितलं होतं की ऑफिसात डेटा एंट्री करते. कुठल्या ऑफिसात ते सांगितलं नव्हतं. पथकात सांगितलं नव्हतं की मी कुठं राहते. संध्याकाळी मी जीपमधून दोन चौक आधी उतरायचे.

फेब्रुवारीत थकबाकीदारांच्या यादीत पप्पांचं नाव आलं. टॅबवर प्रत्येक मिळकतीपुढं तीन पर्याय असत. भेट झाली, नकार दिला, घर बंद. त्या दिवशी आम्ही त्या भागात गेलो नव्हतो, आणि संध्याकाळी राहिलेल्या नोंदी भरताना मी पप्पांच्या नावापुढं 'घर बंद' दाबलं. काही झालं नाही. आण्णांनी नेहमीप्रमाणे दिवसाच्या प्रिंटवर सही केली. पुढच्या फेरीत परत दाबलं. मग तिसऱ्यांदा. मार्च संपला की यादी संपेल, असं मी स्वतःला सांगत होते.

मला नियम माहीत नव्हता. तीनदा घर बंद असेल तर चौथ्या वेळी कुलूप तोडायचा आदेश निघतो, आणि ते काम दुसऱ्या पथकाकडं जातं. हलगीवाल्या.

मार्चच्या मध्यावर एका सकाळी आण्णांनी ड्रायव्हरला आमच्या चौकाचं नाव सांगितलं. मी हळूच म्हटलं की ते घर बंद असतं.

"उद्या त्याचा आदेश निघतोय," आण्णा म्हणाले. "म्हणून आज."

गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. पैलवान उतरले. आण्णा माझ्या बाजूच्या दाराशी आले आणि टॅबसाठी हात पुढं केला.

"तुझ्या अर्जावर पत्ता हाय की, पोरी. आत आलीस तर घरची म्हणून ये. न्हाईतर जीपमध्ये बस. दोन्ही चालतंय."

मी टॅब त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या मागून चालायला लागले. त्या चपलांचा आवाज मी तोपर्यंत पन्नासेक दारांपर्यंत ऐकला होता. आपल्या घराच्या दिशेनं जाताना तो किती लांबतो हे मला तेव्हा कळलं.

शटर उघडं होतं. पप्पांनी पेपर घडी केला, आण्णांकडं बघितलं, पैलवानांकडं बघितलं, मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडं. मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. आई जिन्यात आली आणि तिथंच थांबली.

आण्णांनी वॉरंट दाखवलं, रक्कम सांगितली, आज भरता येतील का विचारलं. पप्पांनी मान हलवली, नाही म्हणून. तेव्हा मला दिसलं की मी मान कुणासारखी हलवते. आण्णांनी कागदावर उभी रेघ मारली. वर जाऊन आले. भांडी, अंथरुणं, माझी पुस्तकं, आईचं शिलाईचं मशीन, सगळं डावीकडं लिहिलं. खाली आले, भिंतीवरची हत्यारंही डावीकडंच लिहिली आणि लेथवर पेन टेकवलं.

"ह्याच्यावर पोट हाय का, पावणं?"

"चालू हाय," पप्पा म्हणाले. लगेच म्हणाले, विचार न करता.

आण्णांनी लिहिलं नाही. त्यांनी पेन खिशाला लावलं आणि दोन्ही बाजू सांगितल्या, एखाद्या मुलाला गणित सांगावं तशा. चालू म्हणालात तर मशीन तुमचं हत्यार, त्याला हात लावत नाही. पण मग कर कारखान्याचाच, मागचाही आणि पुढचाही, आणि वसुलीसाठी खालच्या गाळ्याला सील लागणार. बंद म्हणालात तर मशीन यादीत जाईल, पण वापर बदलेल आणि एप्रिलपासून कर घराचा.

"मागचं सुटणार न्हाई. पुढचं सुटंल," ते म्हणाले. "मी काय सांगणार न्हाई. तुमचा शब्द."

पप्पा मशीनच्या चकावरून, शाफ्ट पकडायच्या जबड्यावरून, अंगठा फिरवत होते. तिथं तेल नव्हतं, धूळही नव्हती. आण्णांनी आवाज न बदलता विचारलं, शेवटचा जॉब कुठला केलासा. पप्पा म्हणाले, पंपाचा शाफ्ट. कवा?

पप्पांनी तारीख सांगितली. वार सांगितला. दुपारी लाईट गेली होती म्हणून शाफ्ट पुरा व्हायला सात वाजले आणि न्यायला आलेला माणूस चौकात चहा पीत थांबला होता, हेही सांगितलं. पाच वर्षांपूर्वीची तारीख होती ती. इतकी वर्षं घरात त्या दिवसाबद्दल एक शब्द निघाला नव्हता आणि त्यांच्याजवळ वेळसुद्धा होती. आई जिन्यातच खाली बसली.

झोपणारा पैलवान जागा होता. दोघेही जमिनीकडं बघत होते.

"मग काय लिवू?" आण्णा म्हणाले.

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली नाही. एवढंच मला त्या दिवशी करता आलं.

"बंद लिवा," पप्पा म्हणाले.

आण्णांनी ते उजवीकडं लिहिलं. मग उभे राहून नेहमीच्याच आवाजात सगळी यादी वाचली. हॉटेलवाल्याकडं वाचली होती तशीच, ना हळू, ना जोरात. डावीकडची यादी बरीच लांब होती. उजवीकडं एकच ओळ होती. लेथ मशीन एक, बंद. पप्पांनी सही केली.

मशीन त्या दिवशी नेलं नाही. आण्णांनी ते पप्पांच्याच ताब्यात ठेवल्याची नोंद केली आणि लिलावापेक्षा स्वतः विकलंत तर चार पैसे जास्त येतील असं जाता जाता सांगितलं. पप्पांनी दहा दिवसांत ते विकलं. थकबाकीतली बरीचशी रक्कम त्यातून गेली, राहिलेल्याचे हप्ते बांधून मिळाले. ड्रॉवरमधला फॉर्म त्यांनी स्वतः भरला आणि रांगेत उभं राहून दिला.

पण ते नंतरचं. पंचनाम्याच्या संध्याकाळी ऑफिसात आण्णांनी माझ्यापुढं कोरा कागद ठेवला आणि तीन नोंदींचा खुलासा लिहायला सांगितला. मी मराठीत लिहिला, वेड्यावाकड्या अक्षरात. सदर घर बंद नव्हते, नोंद मी चुकीची केली. खाली मी कारणही लिहिलं होतं, वडिलांच्या इज्जतीचं वगैरे, चार ओळी. आण्णांनी वाचलं आणि त्या चार ओळींवर काट मारली.

"हे फायलीत ठेवायचं न्हाई. कोनबी वाचील."

मग माझ्या नावाच्या खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली. वरील बाब मला माहीत असूनही मी तीनही वेळा सही केली. आणि खाली आपलं नाव, हुद्दा, सही. मी पहिल्यांदाच त्यांच्याशी मोठ्यानं बोलले असेन. म्हटलं, तुम्ही कशाला, तुमची दोन महिन्यांत रिटायरमेंट आहे.

"माहीत हुतं, म्हंजे हुतं," ते म्हणाले. "तू सांगशील म्हणून थांबलो. आदेश निघायला आला, मग ऱ्हावंना."

माझा करार मार्चअखेर संपला, तो वाढला नाही. आण्णांना कारणे दाखवा नोटीस निघाली. ती निकालात निघायच्या आत मे संपला, ते रिटायर झाले आणि त्यांची पेन्शनची कागदं अडकली. हे मला ड्रायव्हरकडून कळलं, ऑगस्टमध्ये, भाजी मंडईत. त्यानं सहज सांगितलं. मला त्या दिवसापासून जेवण जाईना.

एका रविवारी मी पत्ता शोधत त्यांच्या घरी गेले. वाटेत वाक्य पाठ केलं होतं, माझ्यामुळे झालं, मला माफ करा, मी साहेबांना भेटून सांगते. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. लहानखुऱ्या बाई, हातात हिरव्या बांगड्या, हाताला पीठ. आण्णा तालमीकडं गेले होते. मी नाव सांगताच त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ती टॅबवाली व्हय तू? बस. हेनी सांगून ठेवलंय, ती पोरगी एक ना एक दिस येणार. आली तर च्या पाज, पन माफी मागू देऊ नको."

मी दारातच उभी राहिले. तोंडात वाक्य तयार होतं आणि आता त्याला जागा नव्हती.

"आगं बस की. पेन्शन काय पळून जातीय? दसऱ्यापातूर हुतंय म्हंत्यात. मी च्या टाकती."

मी बसले. त्यांनी चहा आणला, शेंगदाण्याचा लाडू आणला, माझ्या समोर बसल्या आणि कोल्हापुरात कुठल्याही नव्या माणसाला विचारतात ते विचारायला लागल्या. गाव कुठलं, किती भावंडं, लग्नाचं बघतात का. मी एकेका शब्दात उत्तरं देत होते. मग त्यांनी विचारलं, वडील काय करतात.

हा प्रश्न मला शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर आलेला होता. कारखाना थांबल्यावरही मी कॉलेजच्या तीनही वर्षांत, बँकेच्या अर्जांत, न चुकता लिहिलं होतं, स्वतःचा कारखाना.

"कारखाना होता, तो बंद झाला," मी म्हटलं. "आता उद्यमनगरात दुसऱ्यांच्या कारखान्यात लेथवर आहेत. सकाळची पाळी असते."

"बरं हाय," त्या म्हणाल्या आणि लाडवाची ताटली माझ्याकडं सरकवली.